दिशाचं म्हणणं

मिरकरवाडा, रत्नागिरी
८ जुलै २०२४

चि. मृणालीस मामाचा आशीर्वाद.

पत्र लिहा, फोन नको, असं तू बजावलंस त्याचं कारण मला ठाऊक आहे. फोनवर तू नुसतं ‘बरी आहे’ म्हणालीस तरी तू जेवलीस की नाही आणि तुझ्या पीएचडीच्या गाईडसाहेबांनी आज तुला फाडून खाल्लं की उद्यावर ठेवलं, ते मला कळतं. बर्फाच्या कारखान्यात जन्म काढला आहे. कॉम्प्रेसर बंद पडायच्या आधी त्याचा सूर बदलतो, तसाच माणसाचा बदलतो. तुला ते नको आहे. बरं. कागदाला सूर नसतो, तेव्हा कागदावर भेटू.

शनिवारी तुझी कॉम्प्युटरची खोली उघडली. मी शाळा समितीचा अध्यक्ष, छपराचे पत्रे माझे, वीज माझ्या खटपटीने आलेली. म्हणून मला खुर्ची मिळाली. तिसरी. पहिलीवर तुझे गाईड, दुसरीवर तालुक्याचे कोणी साहेब, त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की हा व्यायामशाळेचा कार्यक्रम आहे. तुझ्या गाईडांचं भाषण मोठं विद्वान झालं. ‘सहयोगी अध्ययन’ हा शब्द इतक्यांदा आला की मागे बसलेल्या दोन बायका, नवीन योजना आहे, नाव नोंदवायचं राहील, म्हणून उठून पुढे आल्या. मग ते म्हणाले, मुलं एकमेकांकडून शिकतात हे आता संशोधनाने सिद्ध होत आहे. माझ्या बाजूला आमच्या वाडीतल्या सातवीच्या राहीची आजी होती. ती हळूच म्हणाली, “मग आतापर्यंत ह्यांना काय वाटलेलं, म्हशीकडून शिकतात?”

मी हसलो नाही. अध्यक्ष आहे.

पुढे महिपत मास्तरांनी मला तुझा प्रयोग समजावला. एका कॉम्प्युटरपुढे सातवीतली चार पोरं. पडद्यावर चार चौकटी, एकेकाच्या नावाची एकेक. प्रश्न सगळ्यांना एकच, वाडीतल्या विहिरी शिमग्यानंतर मचूळ का होतात. पोरांनी आपसात बोलायचं आणि ज्याचं जे म्हणणं असेल ते त्याने आपल्या चौकटीत टाकायचं. यंत्र मोजणार, कोण किती बोललं. हे मोजायला पुण्याहून माणसं येतात. आमच्या बंदरावर लिलावात कोण किती बोललं ते कोणी मोजत नाही गो, शेवटी माल कोणी उचलला तेवढं बघतात.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिहून रागाव.

तुझा
भिकाजीमामा


पुणे
२१ जुलै २०२४

ती. मामा यांस नमस्कार.

लिहूनच रागावते आहे.

लिलावात माल एकाला मिळतो आणि बाकीचे रिकाम्या हाताने घरी जातात. वर्गात तसंच होतं, म्हणून तर हा खटाटोप. चार मुलं एकत्र बसवली की एक हुशार पोरगा उत्तर सांगतो, दुसरं लिहून घेतं, उरलेली दोघं खिडकीबाहेर बघतात, आणि मास्तर म्हणतात, गटकार्य झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की चौघांनी सारखं बोललं, सारखा वाद घातला, तर चौघं शिकतात. ते दाखवायचं तर कोण किती बोललं हे मोजायलाच लागतं. तुम्ही बर्फाची लादी डोळ्यांनी बघून विकता की काट्यावर ठेवून?

तुम्हाला खरं ते सांगते. माझा प्रबंध एकदा परत आलेला आहे. मार्चमध्ये मुदत संपते. ह्या वेळी तुमच्या वाडीतून काही हाती लागलं नाही, तर पाच वर्षं काय केलं ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. आईला हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

एक काम करा. शाळेच्या पडवीत अधूनमधून जाऊन बसा. आत जाऊ नका, पोरं बुजतील. चौकटीत काय लिहिलं ते मला इथे दिसतं, पण लिहिण्याआधी ती काय बोलतात ते ऐकू येत नाही. महिपत सरांचा अहवाल दर आठवड्याला येतो, त्यात ‘सर्व हजर, सर्व उत्साही’ ह्यापलीकडे काही नसतं. तुमचे कान मला उसने हवेत.

तुमची
मृणाली


मिरकरवाडा
१ सप्टेंबर २०२४

चि. मृणालीस आशीर्वाद.

कान उसने दिले. तीन आठवडे पडवीत बसलो, खिडकीखाली. आतलं दिसत नाही, ऐकू तेवढं येतं. बंदर बंद होतं तोवर सोपं होतं, आता बोटी सुटल्या, बर्फाला मागणी आली, तरी बसतो. गावात सगळ्यांना वाटतं की शेट म्हातारपणी शिकायला लागला.

तर ऐक. पहिल्या गटात तू म्हणतेस तसा तो एक हुशार पोरगा आहे. तो सांगतो, बाकीचे आपापल्या चौकटीत ‘मलाही असेच वाटते’ टाकतात. तुझ्या यंत्राला वाटत असेल काय एकी आहे. दुसरा गट विहिरीचं उत्तर सोडून कॉम्प्युटरात क्रिकेट कसं घालायचं ह्यावर वाद घालतो, आणि तो वाद मात्र चौघं बरोबरीने घालतात. तिसऱ्या गटात दोघी भांडलेल्या आहेत, त्या एकमेकींशी फक्त चौकटीतून बोलतात, तोंडाने नाही. त्या एकाच बाकावर आहेत.

चौथा गट म्हणजे आमची राही, गौरव, सानवी आणि कोणी एक दिशा. हा गट कामाचा आहे. भांडतात, पण विहिरीवरून. पण ही दिशा म्हणजे कोण महाराणी लागून गेली आहे मला कळत नाही. तिचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. तोंड उघडायचे कष्ट नाहीत. बाकीचे तिघं तिची कामं करतात. “दिशाचं राहिलं. आज दिशाचं कोण टाकतो?” असं राही विचारते आणि मग ह्यांच्यात पाळी लागते. काल गौरव म्हणाला, काल मी टाकलं, आज तू टाक. ती बसली असेल पाय हलवत. बाप तांडेल आहे, बोट चालवतो, तेव्हा घरी हुकूम देण्याची सवय असेल.

तुझ्या सहयोगाचं हे असं आहे. एक खातो, तिघं वाढतात.

तुझे गाईड मध्ये एकदा येऊन गेले, सांगायचं राहिलं. पाहणीसाठी. पडवीत पाच मिनिटं पाहणी केली, माझ्याकडे सुरमई खाल्ली, आणि पंख्याखाली जी झोप घेतली ती गाडीची वेळ होईपर्यंत. उठल्यावर म्हणाले, “इथल्या मुलांमध्ये फार शांतता आहे.” पोरं तेव्हा सुट्टीत बाहेर बोंबलत होती. साहेब खिडकी लावून झोपले होते.

तुझा
मामा


पुणे
२८ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

ह्या वेळी तुमचे कान चुकले आणि माझं यंत्र बरोबर निघालं. दोन दिवस मी हसते आहे.

तुमचा चौथा गट हा माझ्या पाच वर्षांच्या कामातला सगळ्यात चांगला गट आहे. चौघांचं बोलणं इतकं समसमान, जणू कोणी तोलून दिलंय. आणि नुसतं समान नाही, उत्तरंसुद्धा आठवड्यागणिक सुधारत गेली. जुलैत ते लिहीत होते की समुद्राचं पाणी भरतीला विहिरीत पडतं. आता लिहितात की खालून गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की खारं पाणी आत सरकतं, आणि म्हणून उंचावरच्या जांभ्यातली विहीर बिघडत नाही. सातवीतली मुलं.

आणि हे कोणामुळे, तर तुमच्या महाराणीमुळे. दिशा. तिघं एका मतावर आले की ही अडवते. कशावरून म्हणता, विचारते. तिघांना परत मागे जायला लावते. काही मुलं तोंडाने बोलत नाहीत मामा, लिहिण्यात उघडतात. असल्या मुलींसाठीच मी हे करते आहे, आणि तुम्ही मात्र आवाज नाही म्हणजे आळशी, असं ठरवून मोकळे. बंदरावर जो ओरडतो तोच शहाणा, हे तुमचं माप वर्गात चालत नाही.

आमचे गाईड सर खूश आहेत. डिसेंबरात सिंगापूरच्या परिषदेत हाच गट मांडणार आहेत. दिशाचं एक वाक्य त्यांनी भाषणाच्या पहिल्याच पडद्यावर घेतलं आहे: ‘मला अजून पटलेलं नाही, पण तुम्ही सगळे म्हणताय तर आपण परत एकदा विहिरीवर जाऊन बघूया का?’ सर त्याला नम्र असहमती म्हणतात. म्हणतात की ह्या एका वाक्यावर अख्खा प्रबंध उभा राहील.

तिचं नाव आणि फोटो वापरायला आईवडिलांची सही लागेल. कागद सोबत पाठवते आहे. तिच्या घरी जाऊन तेवढं करा. आणि तिला माझ्याकडून शाबासकी द्या, तिने माझा जीव वाचवला आहे.

तुमची
मृणाली


मिरकरवाडा
९ ऑक्टोबर २०२४

मृणाली,

आशीर्वाद शेवटी देईन, उरला तर.

तुझा कागद घेऊन दिशाच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, पोरगी हुशार आहे तुमची, सिंगापूरला नाव जाणार, तिला बोलवा शाळेतून, फोटो काढू. तिची आई म्हणाली, “शाळेत कुठली जाते शेट? नागपंचमीपासून पडून हाय ती. कावीळ झाली, बरी झाली, परत उलटली.”

आतल्या खोलीत पोरगी होती. डोळे हळदीसारखे. उसाचा रस पुढे ठेवलेला आणि ती त्याच्याकडे शत्रूसारखी बघत होती. मी शाबासकी दिली नाही. कशाची देऊ?

नागपंचमीपासून म्हणजे किती झाले ते तूच मोज, तुला मोजायची हौस आहे. तेव्हापासून तुझ्या यंत्रात जी मुलगी रोज बोलते, अडवते, विचारते, जिच्यावर तुझा प्रबंध उभा राहायचा आहे, ती खोलीत नाहीच. तुझं यंत्र नसलेल्या पोरीचं बोलणं मोजतंय, महिपत मास्तर ‘सर्व हजर’ लिहितोय, तू पुण्यात हसते आहेस आणि साहेब विमानाचं तिकीट काढताहेत. सगळ्यांची पदवी बघ आणि काम बघ.

माझीही अक्कल बघ. जन्म बंदरावर गेला, आणि मला पडवीत बसून कळलं नाही. मोसमात खलाशी आजारी पडला तर बोट त्याचा वाटा बंद करते काय? मासळीच्या पैशातून नौकेचा वाटा निघतो, जाळ्याचा निघतो, तसा आजारी माणसाचाही निघतो आणि त्याच्या घरी जातो. ह्या पोरांच्या घरात हेच चालतं. तुम्ही सांगितलंत चौघांनी सारखं बोलायचं. चौथी आजारी. त्यांनी तिचा वाटा काढला. समसमान, तोलून दिल्यासारखा, म्हणालीस ना? तोलूनच दिलेला होता.

मी तिथून सरळ शाळेत गेलो. खोलीत शिरून सांगितलं की उद्यापासून दिशाच्या चौकटीला कोणी हात लावायचा नाही. हे खोटं आहे आणि माझ्या पत्र्याखाली खोटं चालणार नाही. राही काहीतरी बोलायला गेली, तिला गप्प केलं. महिपत मास्तर भिंतीला चिकटून उभा होता, त्यालाही दोन शब्द दिले.

कागद सहीशिवाय परत पाठवतो आहे.

आशीर्वाद उरला आहे थोडा.

मामा


पुणे
१६ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

तुम्हाला फार बरं वाटलं असेल. जुलैपासून तुम्ही ह्या क्षणाची वाट बघत होतात. शिकलेली माणसं तोंडावर पडली की तुमच्यासारख्या स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाला जो आनंद होतो, तो तुमच्या ओळीओळीत आहे. तुम्ही म्हणालात कागदाला सूर नसतो. आहे हो.

तुम्हाला कान दिले होते, काठी नव्हती दिली. आत जाऊ नका म्हटलं होतं. तुम्ही ज्या दिवशी आत जाऊन आलात त्या दिवसापासून चौथा गट संपला आहे. आता तिघं येतात, एक जण काहीतरी म्हणतो, दोघं ‘हो’ टाकतात, आणि पाच मिनिटांत मोकळे. परवाच्या प्रश्नाचं उत्तर तर जुलैतल्यासारखं चुकलं आहे. पहिल्या गटासारखा एक गट तुम्ही फुकटात तयार करून दिलात, आभार.

ते खोटं होतं, हे मला कळतं. पण मग खोट्यातून ती तिघं शिकत होती कशी आणि खरं केल्यावर अडाणी झाली कशी, ह्याचा विचार तुम्ही केला नाहीत. तुम्ही ओरडून बाहेर पडलात.

सरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका. दिशाचा फोटो नको, पण सही तेवढी आणा. तिचं नाव आहे, तिचीच चौकट आहे, तिची हरकत असणार नाही. माझ्याकडे मार्चपर्यंतच वेळ आहे. एवढं करा.

मृणाली


मिरकरवाडा
२७ ऑक्टोबर २०२४

चि. मृणालीस आशीर्वाद. पुरता.

सही आणणार नाही. काविळीने पडलेल्या पोरीच्या बापापुढे कागद धरून, तुमची मुलगी जे बोललीच नाही ते तिचं आहे म्हणून लिहून द्या, असं सांगायला मी तुमच्या संस्थेत नोकरीला नाही. तू मागितलीस ह्याचं मात्र मला वाईट वाटलं. पाच वर्षं पुण्यात काय शिकलीस ते आता दिसलं.

हे झालं तुझ्यासाठी. आता माझ्यासाठी.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी राही कारखान्यावर आली. एकटी. कामगार लाद्या फोडत होते, त्या आवाजात ती बोलेना, मग तिला ऑफिसात घेतलं. तिने बसायच्या आधीच विचारलं, “शेट, आजारी खलाशाचा वाटा तुम्ही बंद करता काय?”

मी म्हटलं, तो वाटा पैशाचा असतो, बोलण्याचा नाही. बोलणं ज्याचं त्याने करायचं.

ती म्हणाली, “मग तिच्याबिगर आमचं चालत नाय, त्याचं काय?”

मग तिने सांगितलं ते असं. पहिल्यांदा ही पोरं शाळा सुटल्यावर दिशाच्या खिडकीशी जायची. आपलं उत्तर वाचून दाखवायची. ती आतून म्हणायची, कशावरून? ते सांगायचे. ती म्हणायची, वेडे आहात. तिने जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी तिच्या चौकटीत. तोवर खरं तर ते तिचंच होतं. पुढे कावीळ उलटली आणि आईने खिडकी बंद केली. तेव्हा ह्यांनी पाळी लावली. ज्याची पाळी त्याने त्या दिवशी दिशा व्हायचं. म्हणजे दोघांनी उत्तर काढायचं आणि तिसऱ्याने दिशा काय म्हणाली असती ते शोधून उत्तर मोडायचं. राही म्हणते, स्वतःचं उत्तर मोडायला जीव होत नाही, पण दिशा म्हणून मोडायला काही वाटत नाही. सानवी तर दिशा असली की रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसायची.

माझ्या हुकुमानंतर मोडणारं कोणी उरलं नाही. एकाने म्हटलं की झालं. राही म्हणाली, आता आम्ही लवकर सुटतो. मी म्हटलं, मग बरं आहे की. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी टेबलावरचं पेन उगाच उचलून ठेवलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ह्यात आहे असं मला वाटतं, बघ. मला तुमच्या शास्त्रातलं कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तू म्हणालीस तेवढं खरं, मी विचार न करता ओरडलो. बंदी उठवली आहे. माफी मागितलेली नाही. अध्यक्षाने माफी मागितली की पोरं दुसरा पंखा मागतात.

तू साहेबांना सांगितलंस काय?

मामा


पुणे
९ नोव्हेंबर २०२४

ती. मामा यांस साष्टांग नमस्कार.

दिवाळी छान झाली ना? मामींनी पाठवलेल्या करंज्या इथे सगळ्यांना फार आवडल्या, सरांनीसुद्धा दोन घेतल्या. तुमची तब्येत जपा. तुम्ही ह्या कामासाठी केवढा वेळ दिलात, ह्याची मला जाणीव आहे. मागच्या पत्रात मी जरा जास्तच लिहिलं, मनावर घेऊ नका.

राहीने सांगितलेलं वाचलं. खूपच हृद्य आहे. सरांशी मी बोलले. त्यांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की दिशाचं नाव काढून ‘एक विद्यार्थिनी’ असं म्हणावं, म्हणजे सहीचाही प्रश्न उरत नाही. यंत्रात जे नोंदलं गेलं ते नोंदलंच गेलं आहे, ते कोणी टाइप केलं हा ह्या टप्प्यावर गौण भाग आहे, पुढे कधीतरी वेगळा अभ्यास करता येईल. इथले बाकीचेही तसंच म्हणतात. मला थोडं वेगळं वाटत होतं, पण सर आणि सगळे म्हणतात तर तसंच करावं असं आता ठरतं आहे. शेवटी त्यांचा अनुभव मोठा.

तुमचा आशीर्वाद आहेच. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी
मृणाली


मिरकरवाडा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. मृणालीस आशीर्वाद.

दिशा शाळेत आली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर. अंगावर कपडे टांगल्यासारखी दिसते, पण डोळे पांढरे झाले. मी त्या दिवशी पडवीतच होतो, आणि ह्या वेळी राहीनेच मला आत बोलावलं.

तिला तिघांनी कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि तिच्या चौकटीत साठलेलं सगळं उघडून दिलं. हे तुझं, म्हणाले. चेहरे असे की लग्नात आहेर मांडला आहे. ती वाचत गेली. एकदाही हसली नाही. मध्येच बोट ठेवून म्हणायची, हे गौरवचं. हे सानवीचं, हिला ‘परंतु’ लिहायला आवडतं. हे मात्र माझं, हे मी खिडकीतून सांगितलेलं. आवाज अजून बारीक आहे तिचा, पण ऐकायला मिळाला एकदाचा. तुझ्या पत्रातली नम्र मुलगी ती नव्हे. ती वाढत्या वयाची फौजदार आहे.

मग ते वाक्य आलं. तुझ्या साहेबांच्या पहिल्या पडद्यावरचं. मी मुद्दाम पुढे वाकलो.

ती म्हणाली, “हे कोणी लिहिलं? ‘तुम्ही सगळे म्हणताय तर’? मी असं म्हणीन?”

गौरव म्हणाला, मग काय म्हटलं असतंस?

“चूक हाय, पुसा.” मग राहीकडे वळली. “हे राहीचं. त्या दिवशी हिचं कोणाशी तरी बिनसलेलं असणार. राही भ्याली की गोड लिहिते.”

राहीला मी नंतर विचारलं. ते वाक्य तिने कधी लिहिलं माहीत आहे? तुझे गाईड पाहणीला येऊन पडवीत उभे होते, तेव्हा. अनोळखी माणूस खिडकीतून बघतोय म्हणून पोरगी भ्यायली आणि जे मोडायचं होतं ते तिने न मोडता गुळात घोळवून लिहिलं. साहेब त्याला नम्र असहमती म्हणतात. त्यांच्याच भीतीने लिहिलेलं वाक्य ते सिंगापूरला घेऊन चाललेत, स्वतःच्या भाषणाचा खांब म्हणून. त्यांना सुरमई घातल्याचा मला आता पश्चात्ताप होतो.

रात्री जेवल्यावर मी तुझं ९ तारखेचं पत्र काढून परत वाचलं. करंज्या. साष्टांग नमस्कार. लाडकी. ‘सर आणि सगळे म्हणतात तर.’

किती गोड लिहिलंस गो.

मामा


पुणे
३० नोव्हेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. आज सकाळी सरांकडे गेले. खोलीत आणखी दोघं होते, बरं झालं.

सरांना सांगितलं की चौथ्या गटात तीन मुलं होती आणि चौथी आजारी होती, आणि तिघं शिकली ती सारखं बोलल्यामुळे नाही, तर रोज त्यांच्यातलं एक जण न आलेल्या मुलीच्या वतीने बाकीच्यांना अडवत होतं म्हणून. पाच वर्षं मी मोजत होते ते भलतंच होतं. आता हे शोधायचं आहे, आणि तेच लिहायचं आहे. सर म्हणाले, एवढ्याने मुदत वाढत नसते. म्हटलं, ठीक आहे. म्हणाले, परिषद तोंडावर आली आहे. म्हणाले, पाच वर्षांच्या मेहनतीकडे बघ. दारापर्यंत येऊन मायेने म्हणाले, ते एक वाक्य तरी राहू दे, किती सुंदर आहे.

मी म्हटलं, चूक आहे, पुसा.

जानेवारीत तिकडे येते आहे. मुदत मिळाली तर कामाला, नाही मिळाली तर अशीच. पडवीत दोघांना पुरेल एवढी जागा आहे का, कळवा. फोन करणार होते. आवाज अजून थरथरतो आहे, आणि तुम्ही ऐकलं असतंत, म्हणून लिहिलं.

मृणाली